जिजाऊंनी पुणे वसवले म्हणजे नेमके काय केले?

अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी उभ्या असलेल्या बाहेरगावच्या पाहुण्याला एक प्रश्न हमखास पडतो. पुण्यात एवढे मोठमोठे गणपती. दगडूशेठसमोर तर दहा दिवस पाय ठेवायला जागा नसते. मग मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे कसब्याचा का? पुणेकर सांगतो, "मानाचा पहिला ना तो!" मान कोणी दिला म्हणून विचारले की उत्तर येते, "टिळकांनी." ते खरेही आहे. उत्सव सार्वजनिक झाल्यावर कोणी पुढे जायचे यावरून कुरबुरी झाल्या आणि कसबा गणपती ग्रामदैवत म्हणून पहिला, तांबडी जोगेश्वरी ग्रामदेवी म्हणून दुसरी, असा क्रम लागला. पण कसब्याचा गणपती ग्रामदैवत आहे, हे काही टिळकांनी ठरवले नव्हते. ते ठरले त्याच्या अडीचशे वर्षे आधी, पुण्यात धड गावही उरले नव्हते तेव्हा.

जिजाबाईंनी सोन्याचा नांगर फिरवला आणि पुणे वसवले, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. वाक्य ऐकायला सुरेख आहे, पण नांगर फिरवल्याने शेत नांगरले जाते, गाव वसत नाही. पळून गेलेला कुणबी परत येतो तो काही हिशेब करूनच. तेली घाणा मांडतो तो गिऱ्हाईक दिसले तरच. जिजाऊंची देवभक्ती आणि त्यांचा कारभार आपण दोन वेगळ्या धड्यांत वाचतो. पुण्यापुरते बोलायचे तर ती एकाच कामाची दोन टोके होती.

पहारीची दहशत

जिजाबाई सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्या. जन्म १५९८ चा मानतात, जयंती १२ जानेवारीला होते. माहेर निजामशाहीतले मातब्बर सरदार. लहान वयातच वेरूळच्या भोसल्यांकडे, शहाजीराजांशी लग्न झाले. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, निजामशहाने लखुजींची मुलानातवासकट हत्या करवली. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला.

पुण्याची धूळधाण याच काळातली. शहाजीराजांच्या हालचालींचा सूड म्हणून आदिलशाही सरदार मुरार जगदेव पुण्यावर चालून आला. वाडे जाळले, तटबंदी पाडली, गावावर गाढवाचा नांगर फिरवला आणि मधोमध लोखंडी पहार ठोकली. पहारीला तुटकी वहाण अडकवली होती असेही सांगतात. पाठोपाठ १६३० ते १६३२ चा दुष्काळ आला. देहूत तुकोबांच्या संसाराची वाताहत झाली ती याच दुष्काळात.

गाढवाचा नांगर ही नुसती विटंबना नव्हती. ही जमीन आता शापित आहे, इथे जो घर बांधील त्याचे वाटोळे होईल, अशी ती जाहीर दवंडी होती. शिवाय पहार ठोकणाऱ्याची फौज कोणत्याही दिवशी परत येऊ शकत होती. म्हणजे शापाची भीती आणि शिपायाची भीती दोन्ही एकाच खुंटीला टांगलेल्या. गंमत अशी की हाच मुरार जगदेव तीन वर्षांनी, १६३३ मध्ये, पुण्यापासून जवळच भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला करून दानधर्म करत होता. हत्ती तोलायचा कसा, हा पेच शहाजीराजांनी सोडवल्याचे सांगतात. हत्ती नावेत चढवायचा, नाव कुठवर बुडते तिथे खूण करायची, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरायचे आणि ते तोलायचे. त्या गावाचे नाव तेव्हापासून तुळापूर. नुसता दानधर्म पाहून माणूस ओळखायचा नसतो, हे आपले जाता जाता.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले, त्यांची नेमणूक पुढे कर्नाटकात झाली, पुणे परगण्याचा मोकासा मात्र त्यांच्याकडे राहिला. मोकासा म्हणजे एखाद्या मुलखाचा महसूल घेण्याचा हक्क. त्या बदल्यात बादशहाची फौजी चाकरी करायची. तेव्हाचे बहुतेक मोकासदार दरबारात किंवा छावणीत राहत आणि गुमास्त्यांकरवी वसुली करत. गावाचे तोंडही न पाहता. शहाजीराजांनी इथे वेगळे केले. पत्नी आणि मुलगा या दोघांनाच त्या उजाड मुलखात ठेवले.

सोन्याचा नांगर कशाला?

बखरींनी जपलेल्या या कथेकडे आपण फार तर कौतुकाने पाहतो. सोने मऊ, त्याने पुण्याची काळी जमीन काय उकरणार? फाळाला सोने लावले असेल, मुहूर्तापुरते चार तास धरले असतील. पण पहारीचा अर्थ लक्षात घेतला की नांगराचा अर्थ उलगडतो. जमीन शापित असेल तर पहिला तास कोणी धरायचा? गरीब कुणबी ती जोखीम घेणार नाही. मग मुलखाच्या धनिणीनेच, पोटच्या पोराला बरोबर घेऊन, सगळ्यांच्या देखत तो धरायचा. वाईट व्हायचेच असेल तर आधी आमचे होऊ दे, असे त्यात न बोलता सांगितले जाते. गाढवाच्या नांगराला बैलांचा नांगर, लोखंडाच्या पहारीला सोन्याचा फाळ. मुरार जगदेवाने ज्या भाषेत दवंडी दिली त्याच भाषेत तिला उत्तर मिळाले, आणि ही भाषा गावकऱ्याला कागदापेक्षा चटकन कळत होती.

मग कागद आला

भीती थोडी हटली तरी पोटाचा प्रश्न राहतोच. परागंदा झालेला शेतकरी परत यायला तयार झाला, तर त्याच्यापुढे काय असे? शेतात झुडपे माजलेली, बैल दुष्काळात मेलेले, बियाणे नाही. बोलवणारे सरकार पहिल्याच हंगामात पुरा सारा मागू लागले तर तो रातोरात पुन्हा निघून जाणार. त्या काळी जमीन मुबलक होती आणि कसणारे हात कमी. त्यामुळे रयतेच्या हातातले सगळ्यात मोठे हत्यार म्हणजे गाव सोडून जाणे.

यावर दख्खनमध्ये एक जुना तोडगा होता, तो म्हणजे इस्तावा. पहिल्या वर्षी सारा नावापुरता, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असे चढत चढत काही वर्षांनी पूर्ण दरावर यायचे. पहिल्या वर्षी झुडपे निघतात, दुसऱ्या वर्षी बांधबंदिस्ती होते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुठे जमीन खरे पीक देऊ लागते. सारा चढतो तो त्याच चालीने. पूर्ण दरासाठी मलिक अंबरच्या वेळची आकारणी समोर होतीच. बैल-बियाण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी उसनवारी. लांडगे फार झाले होते, तर ते मारणाऱ्या मावळच्या लोकांना बक्षिसे लावली असेही सांगतात. उजाड मुलखात माणसाआधी जनावरच वस्ती करते, म्हणून हा तपशील मला पटतो.

हा कारभार पाहण्यात दादोजी कोंडदेव होते. आदिलशाहीतर्फे कोंढाण्याचे सुभेदार आणि शहाजीराजांचे कारभारी. त्यांच्यावरून पुण्यात पुतळ्यापर्यंत वाद गेला, त्यात शिरायचे इथे कारण नाही. कारभारी हुकूम बजावतो. तो हुकूम कोणाच्या भरवशावर पाळला जातो, हा आपला प्रश्न.

इथे खरी मेख आहे. सरकारने कौल दिला तरी तो टिकेल कशावरून? गेल्या काही वर्षांत पुण्याने निजामशाही पाहिली, आदिलशाही पाहिली, मोगलांच्या फौजा पाहिल्या. आज सवलत देणारा उद्या असेलच असे नाही. पुण्याच्या बाहेरच्या बाजूला नवी सोसायटी उभी राहते तेव्हा हाच खेळ आपण पाहतो. इमारती तयार, सवलती जाहीर, पण कोणी राहायला जात नाही, कारण कोणी राहायला गेलेले नाही. बिल्डरने स्वतःच्या आईला तिथे आणून ठेवले की मात्र पाण्याचा टँकर येतो, किराण्याचे दुकान येते, आणि चौकशीचे फोन सुरू होतात.

जिजाबाईंनी पुण्याला दिलेली मुख्य गोष्ट ही होती, त्यांचा मुक्काम. आधी त्या झांबरे पाटलांच्या वाड्यात उतरल्या असे सांगतात. मग १६४० च्या आसपास लाल महाल बांधून झाला. आज कसब्याच्या तोंडाशी दिसतो तो लाल महाल महापालिकेने १९८० च्या दशकात उभारला. जुन्या वाड्यातले आता काही उरलेले नाही. पण १६४० मध्ये तिथे पक्का वाडा बांधणे म्हणजे गवंडी, सुतार, लोहार, वीटभट्टीवाले यांना सलग काम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दिलेला कौल मोडला तर तक्रार घेऊन जायला एक दरवाजा. आणि तो बंगळूर-विजापुरात नाही, हाकेच्या अंतरावर.

चौकट : कागदपत्रांतले चार शब्द
कौल – सवलतीचे आणि अभयाचे लेखी वचन, शिक्का मारलेले.
इस्तावा – दरवर्षी ठरलेल्या पायरीने चढत जाणारा सारा.
मिरासदार आणि उपरी – मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमीन धरणारा. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. गाव वसवताना उपऱ्याला टिकवणे अवघड असते.
महजर – सभेत वाद ऐकून, हजर असलेल्यांच्या साक्षीने लिहिलेला निवाडा.

देवाचे रोजचे बिल

आता कसब्याच्या गणपतीकडे येऊ. परंपरा अशी की ठकारांच्या घराजवळ शेंदूर चढलेली ही मूर्ती सापडली आणि जिजाबाईंनी तिच्यासाठी दगडी गाभारा बांधवला. पूजेचा मान ठकार घराण्याकडे आला. तांबड्या जोगेश्वरीचीही व्यवस्था लागली. भक्ती होतीच, त्यात शंका घ्यायचे कारण नाही. पण उजाड कसब्यात देऊळ सुरू झाल्याने प्रत्यक्षात काय काय सुरू होते, ते पाहा.

देवापुढे नंदादीप लावायचा म्हणजे रोज तेल हवे. रोज तेल हवे म्हणजे तेल्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळाले, पाऊस पडो न पडो. हार-फुलांसाठी माळी, पूजेच्या साहित्याला गुरव, वाद्यांना वाजंत्री, भांड्याला तांबट, घागरीला कुंभार. नैवेद्याच्या तांदळासाठी देवाला इनाम जमीन. ती कसायला कुळे. इनाम म्हणजे त्या जमिनीचा सारा सरकारने सोडला आणि देवाला लावून दिला. सरकारच्या खजिन्यातून रोकड निघत नाही, पण कसब्यात बारा महिने चालणारी मागणी तयार होते. माणसांचे गिऱ्हाईक दुष्काळात आटते. देवाचे आटत नाही, कारण त्याची तरतूद बांधून दिलेली असते.

आणखी एक पदर आहे. राज्ये बदलली तरी देवाची इनामे सहसा कोणी काढून घेत नसे. नवा सत्ताधीश जुनी सनद पाहून पुन्हा चालू करी. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देव घराण्याला एकामागून एक आलेल्या वेगवेगळ्या सत्तांकडून अशी इनामे मिळत राहिली. म्हणून कौल एका सरकारचा राहिला तरी देवस्थान अनेक सरकारांचे होई. ज्याला मुलाबाळांसकट स्थायिक व्हायचे आहे, त्याला असा एक न हलणारा खांब गावात दिसणे मोलाचे.

आणि देऊळ हे न्यायाचेही ठिकाण होते. हे आपण साफ विसरलो आहोत.

बेलभंडार आणि तापलेले तेल

गाव दहा वर्षे ओस पडून पुन्हा भरले की पहिले काय उगवते? तंटे! हे शेत माझ्या बापाचे, ही पाटीलकी आमची, बांध इथे नव्हता, तिथे होता. कागद जळालेले, साक्षीदार मेलेले. असे वाद वेळीच मिटले नाहीत तर कुऱ्हाडी निघतात आणि निम्मे गाव पुन्हा पळते.

पद्धत अशी होती. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदारांची गोतसभा बसे. दोन्ही पक्षांचे म्हणणे, असतील ते कागद, म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकल्या जात. तेवढ्याने भागले नाही तर देवाची साक्ष काढायची. लहान वादात देवळात बेलभंडार उचलून शपथ घ्यायची. मोठ्या वतनाचा वाद असेल तर दिव्य: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून वर शिक्का मारायचा, आणि एक-दोन दिवसांनी सगळ्यांसमोर उघडून पाहायचा. हात पोळला तर खोटा. आज आपल्याला हे भयंकर वाटते, आणि ते होतेच. मात्र अनेक वाद कढईपर्यंत पोचतच नसत, कारण खोटे बोलणारा त्याआधीच कच खाई. ग्रामदैवतापुढे खोटी शपथ घेऊन त्याच गावात राहणे सोपे नव्हते. ग्रामदैवतच नसेल तर शपथ कोणापुढे घेणार?

वतनाच्या तंट्यांत जिजाबाईंच्या नावची पत्रे आहेत. त्यांचा स्वतःचा शिक्का होता, तोही दफ्तराच्या रिवाजाप्रमाणे फारसीत, राजा शिवाजींची आई अशा अर्थाचा. रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगणारी माता हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे. त्यांच्याभोवती माणसेही तशीच तयारीची होती. आई-मुलगा बंगळुरास शहाजीराजांकडे जाऊन १६४२ च्या सुमारास परतले तेव्हा शामराज नीळकंठ, सोनोपंत डबीर यांच्यासारखे कारभारी बरोबर आले. बंगळुरात शहाजीराजांच्या पदरी पंडित आणि कवी होते. जयराम पिंड्ये यांच्या राधामाधवविलासचंपूत जिजाबाईंचेही वर्णन येते.

२८ जानेवारी १६४६ चे एक पत्र प्रसिद्ध आहे. खेड-शिवापूरजवळच्या रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअमल केला. त्याला धरून आणले, गुन्हा शाबीत झाला, हातपाय तोडले, आणि पाटीलकी काढून त्याच्याच नात्यातल्या माणसाला दिली. पत्रावर शिवाजीराजांची मुद्रा आहे. राजे तेव्हा पंधरा वर्षांचे होते. गावचा पाटील म्हणजे वसुलीचा कणा; त्याला असे मोडण्याचा निर्णय पंधरा वर्षांच्या मुलाने घरात न विचारता घेतला असेल, असे मला तरी वाटत नाही. आणि निर्णयाची मांडणी पाहा. शिक्षा जबर, पण वतन घराण्यातच ठेवले. माणूस गेला, पाटीलकी चालू राहिली, गावची वसुली थांबली नाही.

पेठ कशी भरते

शेती सावरली की बाजार. कसबा म्हणजेच परगण्याचे बाजाराचे आणि कचेरीचे गाव. त्याला लागून नवी पेठ बसवायची तर शेटे आणि महाजन नेमायचे. व्यापाऱ्यांना आणून दुकाने घालायला लावणे हे त्यांचे काम, त्याबद्दल बाजारात त्यांना हक्क. दुकानदाराला काही वर्षे पट्टी माफ. पाषाणला जिजापूर, खेडजवळ शिवापूर अशा पेठा याच काळात वसल्या. एका पेठेला आईचे नाव, दुसरीला मुलाचे. शिवापूर हे नाव टोलनाक्याच्या निमित्ताने रोज हजारोंच्या तोंडी असते, पण ही एक पेठ होती हे गाडीत कोणाला सुचत नाही.

सम्राज्ञी नव्हे, तरीही

सतराव्या शतकात दख्खनमध्ये आणि उत्तरेत कर्तबगार राजस्त्रिया आणखीही होत्या. जहांगीरच्या काळात नूरजहाँच्या नावाने नाणी पडली. विजापुरात बडी साहेबीण आदिलशाहीचा गाडा हाकत होती. पण त्यांच्या हाताशी तयार साम्राज्य होते. जिजाबाई कोणत्याही सिंहासनावर पट्टराणी म्हणून बसल्या नाहीत. त्यांचे पती दुसऱ्याच्या चाकरीत होते, आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणी सोयराबाई होत्या.

थोरला मुलगा संभाजी कर्नाटकात लढाईत पडला. जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. जिजाबाई सती जायला निघाल्या, शिवाजीराजांनी त्यांना थांबवले. पुढच्याच जानेवारीत, ६ जानेवारी १६६५ च्या सूर्यग्रहणाला, महाबळेश्वरी मुलाने आईची आणि वृद्ध सोनोपंत डबिरांची सुवर्णतुला केली. तुळापूरला हत्ती तोलला गेला होता त्याला तोवर तीस वर्षे उलटली होती. मार्च १६६६ मध्ये राजे आग्र्याला गेले आणि काही महिने कैदेत अडकले, तेव्हा राज्याचा कारभार राजगडावरून जिजाबाईंच्या देखरेखीखाली चालला. राजा शत्रूच्या हातात असताना मुलूख फुटला नाही, किल्लेदार फितले नाहीत. ही तालीम पुण्यात झालेली होती. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, पाचाडच्या वाड्यात त्यांचे निधन झाले.

पुण्यातून त्यांचा मुक्काम राजगडाकडे हलला तो त्याच्या बराच आधी. मग वसवलेल्या कसब्याचे काय झाले? मे १६६० मध्ये मोगलांचा शाहिस्तेखान प्रचंड फौज घेऊन पुण्यात शिरला. चाकण जिंकून झाल्यावरही तो इथेच परतला आणि जवळजवळ तीन वर्षे तळ देऊन बसला, जनानखान्यासकट, लाल महालात. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री तिथे काय घडले ते शाळकरी पोरालाही पाठ आहे. लक्ष जात नाही ते खानाच्या निवडीकडे. एवढ्या मोठ्या छावणीला धान्य, वैरण, पाणी, बाजार, कारागीर आणि सुभेदाराच्या इतमामाला साजेसा वाडा, हे सगळे एका जागी मिळाल्याशिवाय मोगल सुभेदार तीन वर्षे कुठे बसत नसे. तीस वर्षांपूर्वी तिथे एक पहार होती.